जीप कुठं लावली?

मी धाड हे आमचं बुलढाण्याकडचं गाव सोडलं त्या दुपारी सिनेमा अर्धाच राहिला. अडीच वाजले होते. टीव्हीवर थंड हवेच्या कुठल्याशा गावातला एक बंगला होता आणि त्या एकाच बंगल्यात दोन अनोळखी कुटुंबं सुट्टीसाठी येऊन थडकली होती. दोघांकडेही पावती होती आणि मागे हटायला कोणी तयार नव्हतं. शेवटी त्यांनी बंगल्याच्या मधोमध खडूची रेष ओढली. स्वयंपाकघर एकाच्या वाट्याला गेलं, संडास दुसऱ्याच्या. आमच्या घरात आई तोंडाला पदर लावून हसत होती. माझा धाकटा भाऊ प्रशिक फरशीवर आडवा झाला होता. बाबा भिंतीलगतच्या कॉटवर, डोळ्यांवर हात टाकून, झोपले होते. औरंगाबादची एसटी तीनला होती, तिथून पुढं पुण्याची गाडी पकडायची होती. पुण्यातल्या एका दैनिकात मला शिकाऊ उपसंपादकाची नोकरी लागली होती आणि दिवाळीनंतर लगेच रुजू व्हायचं होतं.

बाबा स्वतः एसटीचे ड्रायव्हर. गाडीची वेळ त्यांना झोपेतही कळायची. पावणेतीनला ते उठून बसले, तोंडावर पाणी मारलं आणि माझी बॅग उचलली.

"चाल बाई. गाडी लागली अशीन."

प्रशिकनं सिनेमा थांबवला नाही. आई फाटकापर्यंत आली. डबा हातात देताना ती फक्त एवढंच म्हणाली, "ठेचा वरतंच ठेवला. सगळा आजच खाऊ नको." मी फाटकातून बाहेर पडले तेव्हा घरातून सिनेमातल्या भांडणाचा आवाज येत होता आणि त्यात प्रशिकचं हसणं मिसळलं होतं.

स्टँडवर बाबांनी माझ्या आधी गाडीत चढून खिडकीची काच सरकते का ते पाहिलं. ड्रायव्हरशी दोन शब्द बोलले. मग खाली उतरून माझ्या खिडकीखाली उभे राहिले. बापानं निरोप देताना काय बोलावं हे त्यांना बहुधा कळत नव्हतं.

"पिक्चर राह्यला तुहा," ते म्हणाले.

"राहू द्या."

"शेवट मी सांगीन फोनवर."

"तुमी तं झोपले होते बाबा."

"प्रशिकले विचारून सांगीन मंग."

गाडी हलली. त्यांनी हात वर केला, तो मला नव्हे, ड्रायव्हरला. गाडी मागे घेताना डावीकडे जागा आहे हे दाखवण्यासाठी.

हे मी धाडमध्ये राहिलेल्यांसाठी लिहिते आहे आणि माझ्यासारखे जे त्याच स्टँडवरून निघाले त्यांच्यासाठीही. दोघांच्याही घरी एखादा असा सिनेमा असतो. वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवसांत, सगळे मिळून तो पाहतात. तो बहुतेक वेळा विनोदी असतो आणि त्यात कोणतं तरी कुटुंब सुट्टीवर गेलेलं असतं. हे असंच का, याचा मी पुढं बराच विचार केला. विचार करायला भाग पाडणारं कारण घडलं म्हणून केला.

आमचं घर बौद्ध. लक्ष्मीपूजन आमच्याकडे होत नसे. शेजारून फराळाचं ताट यायचं, ते मात्र दोन दिवसही टिकत नसे. दिवाळी म्हणजे आमच्यासाठी शाळेची सुट्टी आणि बाबांचं घरी नसणं. त्या दिवसांत एसटीला जादा गाड्या लागतात आणि ड्रायव्हरच्या रजा बंद होतात. पोरीबाळी माहेरी, नोकरदार गावी, सगळ्यांना पोचवून झालं, परत आणून झालं, की भाऊबीजेनंतर चार-पाच दिवसांनी बाबांना सुट्टी मिळे. तिला आम्ही 'ऑफ' म्हणायचो. कॅलेंडरात त्या दिवसाला नाव नव्हतं. आमच्या घरातला सण तोच होता. आई सकाळीच वांग्याची भाजी आणि पुऱ्या करी, प्रशिक बाजारातल्या दुकानातून सीडी भाड्यानं आणी आणि जेवणं आटोपली की दार पुढं लोटून सिनेमा लागे.

कोणता सिनेमा आणायचा हे बाबा सांगत. नियम एकच होता. "रडाचं काही आनू नका. स्टँडवर रोजच पायतो मी रडनं." एकदा प्रशिकनं नाव विसरून दुसरीच सीडी आणली. त्यात दहाव्या मिनिटाला हिरोची आई आजारी पडली. बाबांनी कॉटवरूनच सांगितलं, "वापस कर. ती काही वाचत नाही."

सिनेमा सुरू झाला की वीसेक मिनिटांत बाबा आडवे होत. डोळ्यांवर हात जाई. आम्ही आवाज कमी केला की तो हात न काढता म्हणत, "वाढव ना बे. पाहून राह्यलो मी." मग पुन्हा शांत. तीन तास आम्ही हसत असू आणि ते झोपलेले असत. सिनेमा संपला की उठून बसत, आईकडे चहा मागत आणि विचारत, "शेवटी काय झालं?"

खरा खेळ तिथं सुरू व्हायचा. आम्ही त्यांना खोटा शेवट सांगायचो. ही प्रथा कोणी पाडली ते आठवत नाही, बहुधा प्रशिकनं. पहिल्यांदा त्यानं सांगितलं की नवरदेव पळून गेला, म्हणून नवरीनं बँडवाल्याशी लग्न केलं. बाबांनी चहाचा घोट घेतला. "बरं केलं. बँडवाला कमावते." तेव्हापासून दरवर्षी आम्ही जेवतानाच शेवट रचून ठेवू लागलो. तो जितका अशक्य तितका चांगला. आई चिडायची. "काऊन फसवता बिचाऱ्याले? एक दिवस घरी रायते तो मानूस. खरं सांगा." बाबा म्हणत, "सांगू दे, सांगू दे."

ते सगळं ऐकून घेत आणि मग एक प्रश्न विचारत. तो ठरलेला होता. सिनेमात जी गाडी असेल तिच्याबद्दल. "ते जाऊ दे. टेम्पोचं काय झालं?" "स्कूटर कोन घेऊन गेलं मंग?" विनोदी सिनेमात गाडी असतेच, आणि शेवटाकडे तिचा सगळ्यांना विसर पडतो. बाबांना पडत नसे. आम्ही त्याचंही उत्तर तयार ठेवायला शिकलो.

पुण्यात पोचल्याच्या चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. मी मुलींच्या वसतिगृहात होते, खाली एकच फोन होता आणि मागे रांग होती. बाबांनी माझी खुशाली विचारली नाही. म्हणाले, "पिक्चरचा शेवट सांगतो, लिहून घे." त्यांनी सांगितला. बंगला खरं तर तिथल्या स्वयंपाक्याच्याच मालकीचा असतो. तो दोन्ही कुटुंबांना दम देतो. रेष पुसली जाते. सगळे एका पंगतीत जेवतात. "आन् जीप फाटकाबाहेर उभी हाये, उतारावर. चाकाखाली गोटा लावला नाही कोनं. मले तेच वाटे, आता घरंगळते का मंग."

मी हसले. रांगेतली मुलगी माझ्याकडे पाहत होती. फोन ठेवताना मला एवढंच वाटलं की प्रशिकनं त्यांना या वेळी चक्क खरं सांगितलं. पुढं ज्या व्यवसायात मी आयुष्य काढलं त्याचा पहिला नियम मी त्या दिवशी पाळला नाही. माहिती कुठून आली हे मी तपासलं नाही.

डेस्कवर माझी भाषा आधी बदलली. "मले" म्हटलं की समोरच्या चेहऱ्यावर हसू यायचं. त्यात दुष्टावा नसे, म्हणून रागही धरता येत नसे. सहा महिन्यांत मी "मला" म्हणू लागले. मग हळूहळू बाकीचंही बदललं. शिफ्ट, डेडलाइन, पान सोडणं म्हणजे ते छपाईला पाठवणं, आवृत्ती. आमचं काम असतं दुसऱ्यानं लिहिलेल्यातून जास्तीचं काढणं. गावाचं नाव, माणसाचं नाव, घटनेचा क्रम बरोबर आहे का ते पाहणं. दहा ओळींची बातमी चार ओळींत बसवणं. हे मला चांगलं जमलं. इतकं की घरच्या फोनवरही मी तसंच बोलू लागले, आणि हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली.

पुण्यात मी सिनेमे भरपूर पाहिले. मल्टिप्लेक्समध्ये, नंतर लॅपटॉपवर, नंतर मोबाइलवर, कानात इअरफोन घालून. विनोदी सिनेमा एकट्यानं पाहताना माणूस हसत नाही, फक्त 'हे विनोदी आहे' असं मनात नोंदवतो. हे तुमच्यापैकी जे एकटे राहिले असतील त्यांना माहीत असेल. आमच्या घरी आई प्रसंगाच्या आधीच सांगून टाकायची, "आता पाह्य, हा पडते." तो पडायचा आणि आम्ही दुप्पट हसायचो, एकदा तो पडला म्हणून, एकदा आईचं खरं ठरलं म्हणून. पुण्यात एका मैत्रिणीसोबत सिनेमा पाहताना माझ्या तोंडून तसंच निघून गेलं. तिनं सिनेमा थांबवला आणि समजावून सांगितलं की पुढचं सांगायचं नसतं.

आमच्या घरच्या चौघांनी मिळून सहल अशी कधी केली नाही. बाबा वर्षभर लोकांना त्यांच्या सहलीला आणि माहेराला पोचवत, आणि उरलेल्या एका दिवशी कुठंही जायची त्यांची तयारी नसे. तेव्हा बंगला, थंड हवा, जीप, घाटात हरवलेली बॅग हे सगळं आम्ही टीव्हीतच भोगलं. सुट्टीच्या सिनेमात कोणाचं कायमचं काही जात नाही. बॅग सापडते, मामा सापडतो, भांडणाऱ्या जावा एका ताटात जेवतात. हे आधीपासून माहीत असतं, म्हणून घरातल्यांना त्या तीन तासांपुरती एकमेकांची काळजी करावी लागत नाही. सगळे एकाच दिशेला तोंड करून बसलेले असतात. सकाळी पाण्यावरून वाजलेलं असलं तरी त्याच विनोदाला दोघंही हसतात, आणि हसून झाल्यावर पुन्हा तोंड फिरवणं अवघड होतं. आमच्या घरी समेटाची दुसरी कुठली रीत मी पाहिली नाही.

बाबा निवृत्त झाले. आता त्यांना रोजच ऑफ होता, तरी भाऊबीजेनंतरचा तो पाचवा दिवस आम्ही सोडला नाही. मी दरवर्षी जमवून जात असे. सीडी जाऊन पेन ड्राइव्ह आला, तो जाऊन ओटीटी आलं. प्रशिकनं बाजारात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकलं आणि घरात मोठा टीव्ही आणला. कॉट तीच राहिली.

एका वर्षी मला जाता आलं नाही. पुरवणीची जबाबदारी माझ्यावर होती आणि दोन सहकारी आजारी होते. घरी त्या दिवशी तोच जुना बंगल्याचा, जीपवाला सिनेमा लावला होता. बाबांनीच मागितला होता. संध्याकाळी सात वाजता त्यांचा फोन आला. माझ्यासमोर पान उघडं होतं आणि ते वीस मिनिटांत सोडायचं होतं.

"बाई, झोप लागली मले. आन् प्रशिक काही सांगून नाही राह्यला. शेवटी काय झालं?"

मी म्हणाले, "बाबा, बंगला स्वयंपाक्याचा असतो. रेष पुसतात. सगळे एकत्र जेवतात. संपलं. मी पानावर आहे, नंतर करते फोन."

ते म्हणाले, "बरं. कर मंग काम."

जीपबद्दल त्यांनी विचारलं नाही. मी फोन ठेवला. नंतर केला नाही.

पुढच्या होळीच्या आधी बाबा गेले. सकाळी छातीत कळ आली, बुलढाण्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी पोचले तेव्हा दारात माणसं होती. दोन दिवसांनी, पाहुणे ओसरल्यावर, प्रशिक माझ्याजवळ येऊन बसला.

"ताई, एक विचारू? तू त्या दिवशी बाबाले खरा शेवट सांगतला होता का?"

"हो."

"काऊन?"

मी कॉटवरची चादर सारखी करू लागले.

"फोन ठेवला आन् म्हने, बाईनं बरोबर सांगतलं. लय कामात हाये म्हने. मी दोन शेवट रचून ठेवले होते, जेवताना सांगाले. त्याईनं इचारलंच नाही."

यानंतर माझ्या बाजूनं मांडण्यासारखं फार काही नाही. मी सांगितलेली माहिती अचूक होती. वडिलांनी आयुष्यात मला शेवटचं काही मागितलं असेल तर ते हे, आणि मी त्यांना चार ओळींची बातमी दिली.

आईनं टीव्हीवर कापड टाकलं. जुन्या साडीचं, फिक्कट हिरवं. पहिलं वर्ष कोणी काही बोललं नाही, दुःखाच्या घरात टीव्ही लावत नाहीत. पण दुसरी दिवाळीही तशीच गेली. मी पाचव्या दिवशी मुद्दाम जाऊन बसले होते. आईनं पुऱ्या केल्या, आम्ही जेवलो आणि भांडी घासून झाल्यावर ती मागच्या दारात जाऊन बसली. प्रशिकनं विचारून पाहिलं.

"आई, लावू का जरासा?"

"नको."

"कधीपर्यंत नको?"

"ह्या घरात कोनी हासलं की मी कॉटकडे पायते," आई म्हणाली. "मान आपोआप वळते माही. नको लावू."

मी पुण्याला परतले. आता त्या घरात तो टीव्ही पुन्हा लागेल की नाही, हा प्रश्न माझ्यासाठी सिनेमाचा उरला नव्हता. आम्ही तिघं हसल्याशिवाय एकमेकांकडे नीट पाहू शकत नव्हतो, हे मला कळत होतं. आई एका बाजूला गप्प, प्रशिक दुकानात, मी फोनवर. असंच चालू राहिलं असतं तर माझं धाडला जाणं हळूहळू कमी होत गेलं असतं. असं घडलेलं मी इतरांच्या घरी पाहिलं आहे.

बाबांच्या दुसऱ्या स्मृतिदिनाला हमीदचाचा आले. बाबांचे कंडक्टर, अकरा वर्षं दोघं एकाच गाडीवर होते. वंदना झाली, जेवण झालं. चाचांनी चहा बशीत ओतता ओतता टीव्हीकडे पाहिलं.

"वहिनी, टीव्ही बिघडला का?"

"नाही भाऊ. लावत नाही."

"अरे! त्याले समजलं तं नाराज होईन. तुमच्यासाठी पिक्चर पास करता करता त्यानं माही झोप खराब केली."

आम्ही तिघंही त्यांच्याकडे पाहू लागलो. "पास करता करता म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजे तुमाले मालूम नाही?" चाचांनी बशी खाली ठेवली. "संग्रामपूरले आमची गाडी दुपारी दोन तास उभी राहे. स्टँडसमोर चहाच्या हाटेलात टीव्ही होता, केबलवाला दुपारी पिक्चर लावे. दिवाळी जवळ आली की हा मानूस रोज तिथं बसे. मी म्हनो, चाल बे, गाडीत जरा आडवं होऊ. तं म्हने, थांब, घरी कोनता न्याचा ते पाहून राह्यलो. रडनं नाही पाह्यजे, पोरीसमोर मान खाली घालाची येळ नाही आली पाह्यजे. दोन-दोन दिवस लागले तरी पूरा पाहे, मंग पोराले नाव सांगे."

"पूर्ण पाहत?" मी विचारलं. "शेवटापर्यंत?"

"हाव, शेवटापर्यंत. तो जीपवाला तं मले बी पाठ हाये. लय राग होता त्याले त्या पिक्चरचा. उतारावर जीप लावली आन् चाकाखाली गोटा नाही. म्हने, कोन्या येड्यानं लावली?" चाचा स्वतःच हसले. "आन् मले सांगे, पोट्टे शेवट खोटा सांगतात. म्या म्हटलं, मंग तू सांगत काऊन नाही, मले मालूम हाये म्हणून? तं म्हने, पागल झाला का बे? तो खोटा शेवट ऐकाले तं मी घरी जातो."

आई म्हणाली, "झोपतही नव्हते ते."

"काय?" प्रशिक म्हणाला.

"झोपले की घोरत. साऱ्या गल्लीले मालूम हाये. त्या दिवशी कधी घोरले का, आठव बरं."

आम्ही आठवून पाहिलं. इतक्या वर्षांत एकदाही नाही. तीन तास, डोळ्यांवर हात ठेवून, ते जागे पडून राहत. पडद्यावरचं त्यांनी आधीच पाहिलेलं असे. राहिलेलं फक्त ऐकायचं असे.

"आई, तुले ठाऊक होतं?" मी विचारलं. इतक्या दिवसांत माझ्या तोंडून 'तुले' पहिल्यांदाच निघालं.

"मले वाटे, तुमालेही ठाऊक हाये," आई म्हणाली.

दोन स्वतंत्र सूत्रांनी दुजोरा दिला होता, आणि सूत्रं विश्वासार्ह होती. मी उठून मागच्या अंगणात गेले. म्हणजे त्या संध्याकाळी सात वाजताही त्यांना शेवट माहीत होता. मला विचारलं होतं ते दुसरंच काहीतरी.

चाचा गेल्यावर आठवडाभरानं प्रशिकचा फोन आला. "ताई, आईनं टीव्हीवरचं कापड धुवाले काढलं." दोन दिवसांनी पुन्हा फोन. "वाळलं. पन वापस टाकलं नाही."

या दिवाळीत मी जाणार होते. तिकीट काढलेलं होतं. पण पाचव्या दिवशीच डेस्कवर माणूस कमी पडला आणि मला सकाळची पाळी करून पुण्यातूनच, व्हिडिओ कॉलवर, हजेरी लावावी लागली. प्रशिकनं मोबाइल स्टुलावर उभा केला. या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. त्याची बायको स्मिता अकोल्याकडची, तिनं बाबांना पाहिलेलं नाही. सिनेमा जीपवालाच होता. आईनं सांगितला होता.

"ताई, मोबाइल उलटा राह्यला. टीव्हीकडं करू का?"

"नको," मी म्हणाले. "असाच राहू दे."

मला टीव्ही दिसत नव्हता. ते तिघं दिसत होते. प्रशिक फरशीवर, स्मिता भिंतीला टेकून. आई कॉटवर बसली होती, पाय वर घेऊन, बरोबर मधोमध. आता तिची मान वळायला दुसरी जागा नव्हती.

पहिली वीस मिनिटं कोणी हसलं नाही. सिनेमातले लोक ओरडत होते, आणि घर एखाद्या परीक्षेला बसल्यासारखं गप्प होतं. मग खडूची रेष आली. स्मिता हा सिनेमा पहिल्यांदा पाहत होती. संडासाच्या वाटणीवर तिला खोकल्यासारखं एकदम हसू फुटलं, आणि लगेच घाबरून तिनं सासूकडे पाहिलं. आईनं हाताखालची उशी सारखी केली.

"हे काहीच नाही," आई तिला म्हणाली. "आता पाह्य, मामा पडते."

मामा पडला असावा. कारण आईनं पदर तोंडाला लावला, प्रशिक आडवा झाला, आणि मी पुण्यात, बंद खिडकीच्या खोलीत, न दिसणाऱ्या विनोदाला मोठ्यानं हसले. आवाज ऐकून आईनं मोबाइलकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. नुसतं ऐकलं. बाबा काय करत होते ते मला तेव्हा नीट कळलं.

शेवटाला अर्धा तास असताना धाडचं नेटवर्क गेलं. पडद्यावर तिघांचे चेहरे थिजले, मग तेही गेले. माझ्या लॅपटॉपवर तो सिनेमा आहे. नसता तरी तो मला पाठ आहे. मी लॅपटॉप उघडला नाही. तास गेल्यावर साधा फोन लावला. प्रशिकनं उचलून स्पीकरवर टाकला. मागे कपबशांचा आवाज होता.

"प्रशिक, नेटवर्क गेलं बे. शेवटी काय झालं?"

त्यानं घसा साफ केला.

"मामा सरपंच झाला, ताई. बंगल्यात ग्रामपंचायत बसवली. खडूची रेष होती ना, तिच्या इकडं सत्ताधारी, तिकडं विरोधक."

"आन् संडास विरोधकाकडं," मागून स्मिता म्हणाली. घरात आलेल्या माणसाला प्रथा समजायला एक दुपार पुरली होती.

चुका काढणं हा माझा व्यवसाय आहे. त्या दिवशी मी एकही काढली नाही. विचारायचं तेवढं विचारलं.

"ते जाऊ दे. जीप कुठं लावली?"

याचं उत्तर प्रशिकनं तयार ठेवलं नव्हतं. फोन कट झाला की काय म्हणून मी कानापासून दूर धरून पाहिला. चालू होता. मग कॉट करकरली, आणि इतक्या वर्षांत आम्हाला खोट्या शेवटावरून रागावत आलेल्या आईचा आवाज जवळ आला.

"आपल्या दारात उभी हाये," आई म्हणाली. "चाकाखाली गोटा लावला."